सातासमुद्रांपलीकडचे सासर

अक्षय तृतीया जवळ आली की खानदेशातील घराघरांचे डोळे वाटेकडे लागतात. या सणाला आपण आखाजी म्हणतो. सासरी नांदणारी लेक आखाजीला माहेरी येते, लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी रंगतात, सांजोऱ्या आणि आमरस यांचे ताट वाढले जाते आणि पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. वर्षभर परक्या घराला आपले करण्यात ज्या जिवाने स्वतःला झिजवले, त्याला चार दिवस विसावा मिळावा, ही या सणामागची मायेची योजना होय. सासर आणि माहेर यांतील हे अंतर जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांनी आपल्या ओव्यांतून जितक्या थोडक्यात सांगितले, तितके आम्हांस पानेच्या पाने लिहूनही सांगता येणार नाही.

आखाजीच्या पानावर आज आम्ही ज्या माणसांविषयी लिहीत आहोत, त्यांचे माहेर सातासमुद्रांपलीकडे होते आणि त्यांना आखाजीला बोलावणे येत नव्हते. ही माणसे म्हणजे अमेरिका, इंग्लंड, स्वीडन अशा देशांतून आपल्या मुलखात आलेले ख्रिस्ती धर्मप्रसारक. त्यांचा धर्म आपला नव्हे. ते ज्या हेतूने आले, तो हेतूही आपल्यापैकी बहुतेकांना मान्य होणारा नाही, आणि या मतभेदावर पांघरूण घालण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. परंतु हेतूचा वाद क्षणभर बाजूला ठेवून आम्ही एकच गोष्ट पाहू इच्छितो. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या अन्नावर आणि परक्या उन्हात रोजचा दिवस ही माणसे कशी काढीत असत? आणि त्या रोजच्या दिवसाने त्यांचे काय केले?

खानदेशातील बिऱ्हाडे

१९०६ मध्ये इंग्रज सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. याच सुमारास या दोन्ही भागांत परदेशी मिशनांची ठाणी रुजत होती. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या वाटेवरील गावांत अमेरिकेच्या अलायन्स मिशनचे काम होते. पश्चिमेस धुळे, नंदुरबार, नवापूर या बाजूस स्वीडनमधून आलेली, तसेच अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी पाठवलेली माणसे येऊन राहिली. नंदुरबारचे एस. ए. मिशन हायस्कूल आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय ही नावे त्या भागातील जुन्या माणसांना सांगावी लागत नाहीत. १९९८ मध्ये नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. तोपर्यंत ही गावे धुळे जिल्ह्यातच मोडत.

ज्याच्या गावी वर्षातील चार-पाच महिने बर्फ पडते, असा स्वीडनचा तरुण वैशाखात धुळ्यास उतरला म्हणजे त्याची काय अवस्था होत असेल, हे आपणांस निराळे सांगणे नको. मे महिन्यात तापीकाठचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. दाराला वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी शिंपडायचे, दुपारी खिडक्या मिटून अंधारात बसायचे, रात्री अंगणात मच्छरदाणी लावून निजायचे, पाणी उकळून प्यायचे, पावसाळ्यानंतरच्या हिवतापासाठी कोयनेल जवळ ठेवायचे आणि अंथरुण झटकल्याशिवाय त्यावर पाठ टेकायची नाही, हा पहिला धडा. तो पुस्तकातून शिकता येत नसे. स्वयंपाकी, पाणक्या, शेजारी यांच्याकडूनच तो मिळे. जो शिकवायला म्हणून आला, त्याला पाणी कसे प्यावे हे आधी शिकावे लागे.

हिवाळा लागला की यांचा मुक्काम हलत असे. तंबू, कंदील, पुस्तकांच्या पेट्या बैलगाडीवर लादून खेड्यापाड्यांतून फिरायचे आणि उन्हे तापली की परतायचे, असा या मिशनरी लोकांचा सर्वत्र परिपाठ होता. शेतकऱ्याच्या वर्षाप्रमाणे त्यांचेही वर्ष ऋतूंनी बांधले गेले. सुगीच्या दिवसांत ऐकायला कोणाला सवड नसते आणि लग्नसराईत गाव जागेवर नसते, हे कळायला दोन-तीन वर्षे जात.

जिभेची परीक्षा

सासरी आलेल्या मुलीला पहिली धास्ती असते ती चुलीची. मिशनऱ्याला पहिली धास्ती असे ती भाषेची. पहिले एक-दोन वर्ष त्याने भाषेखेरीज दुसरे काही करू नये, अशीच बहुतेक मिशनांची शिस्त होती. मराठी शिकवण्यासाठी महाबळेश्वरला उन्हाळी वर्ग भरत. शिकवणारे पंडित बहुधा ब्राह्मण असत. परधर्माचा प्रचार करण्यासाठी आलेल्या माणसाला आपल्या धर्माचा पंडित व्याकरण शिकवीत आहे, आणि दोघेही आपापल्या निष्ठेवर ठाम आहेत, हे चित्र आपल्या समाजाच्या उदारपणाविषयी बरेच काही सांगून जाते.

'ट' आणि 'त' यांतील भेद, 'ळ' आणि 'ण' यांची वळणे, दगड पुल्लिंगी, वीट स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी का, याचे कोडे. आणि सर्वांत अवघड म्हणजे तू, तुम्ही, आपण यांतील पायऱ्या. इंग्रजीत सर्वांना एकच शब्द. येथे वडीलधाऱ्या माणसाला 'तू' म्हटले की सगळे प्रवचन वाया. व्याकरणाची चूक लोक हसून सोडून देत. मानाची चूक मात्र लक्षात ठेवीत.

खानदेशात तर याहून मोठी पंचाईत. महाबळेश्वरी शिकलेले पुस्तकी मराठी घेऊन तो अमळनेरच्या वा धुळ्याच्या बाजारात उभा राही, तेव्हा कानावर पडे ती अहिराणी. 'मला' आणि 'तुला' यांच्या जागी 'माले' आणि 'तुले'. त्यापुढे सातपुड्याच्या पायथ्याशी आणि नवापूरच्या डोंगरात गेले की भिल्ल, पावरा, मावची यांच्या बोली आणखी निराळ्या. एकदा शिकून झालेली भाषा पुन्हा पहिलीपासून शिकायची. जे पुन्हा शिकले, त्यांना लोकांनी ओसरीवर बसायला घोंगडी दिली. ज्यांनी कंटाळा केला, ते दुभाष्याच्या तोंडून बोलत राहिले आणि दुभाष्याच्या पलीकडे कधी पोहोचलेच नाहीत.

या बाबतीत सर्वांचा आद्य पुरुष म्हणजे इंग्लंडहून गोव्यास आलेला फादर थॉमस स्टीफन्स. तो १५७९ मध्ये गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारला. चाळीस वर्षांत तो एकदाही माहेरी गेला नाही. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन या भाषांसारखी आहे, हे त्याने १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्राने कळविले होते. पुढे त्याने मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले; ते १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांनी जी ओवी घडवली, तीच ओवी या इंग्रजाने उचलली, कारण येथील माणसाच्या कानाला धर्म पुराणाच्या चालीवरच कळतो, हे त्याच्या ध्यानी आले होते. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच गोव्यात, त्याच राजवटीत, आपली देवळे पाडली गेली, हेही येथे सांगितले पाहिजे. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्री व त्यांचे काही सोबती यांना ठार केले, त्यामागे हाच संताप होता. स्टीफन्स त्या वेळी सासष्टीतच होता. भाषेवर निस्सीम प्रेम करणारा हा माणूस आणि मूर्ती फोडणारी ती सत्ता, दोघे एकाच गलबतातून आले होते. प्रेमाने नांदायला आलेल्या सुनेबरोबर दांडगाई करणारे वऱ्हाडी यावेत, तसे ते झाले. ओवी राहिली; पण ओरखडेही राहिले.

माहेरचा कागद

आज परदेशी गेलेला मुलगा रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर आईला दिसतो. शे-दोनशे वर्षांपूर्वीचा विरह आपल्याला कल्पनेनेच जाणावा लागेल. १८१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे पहिले मिशनरी मुंबईस पोहोचले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचा बेत चालला होता. त्या काळी केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार-पाच महिने लागत. घरी आईच्या प्रकृतीची चौकशी करावी आणि उत्तर हाती येईपर्यंत वर्ष उलटावे, असा तो काळ. १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला, तेव्हा कोठे हे अंतर आठवड्यांवर आले.

या पहिल्या मंडळींत गॉर्डन हॉल नावाचा गृहस्थ होता. येथील हवा मुलांना सोसेना म्हणून १८२५ मध्ये त्याने पत्नी आणि दोन मुलगे यांना अमेरिकेच्या जहाजात बसवून दिले. त्यांतील एक मुलगा समुद्रातच दगावला. हॉल मात्र मागे राहिला. पुढच्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, तो फिरतीवर नाशिकला गेला तेव्हा तेथे पटकीची साथ भडकलेली होती. जवळची औषधे त्याने आजाऱ्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठले. नाशिकच्या मुलखातील एका खेड्यात, एका देवळाच्या ओसरीवर, २० मार्च १८२६ रोजी त्याने प्राण सोडला. तेव्हा त्याचे वय एकेचाळीस होते.

या घटनेपाशी आम्हांस थांबावेसे वाटते. ज्या मूर्तिपूजेच्या विरुद्ध तो आयुष्यभर बोलला, त्या मूर्तीच्याच दाराशी त्याला अखेरची सावली मिळाली. देवळाने त्याचा धर्म विचारला नाही. वाटसरूला ओसरी मोकळी असते, हा आपला जुना आचार. आणि त्या आचारात आपल्या धर्माचे जेवढे सार आहे, तेवढे पुष्कळशा वादविवादांत नाही.

स्त्रियांचे हाल याहून अधिक. सिंथिया फॅरार ही अविवाहित बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून निघून मुंबईस आली. अमेरिकन बोर्डाने परदेशी धाडलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. मधे प्रकृती ढासळल्याने एकदा मायदेशी जाऊन ती परत आली आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे मुलींच्या शाळा चालवीत १८६२ मध्ये तेथेच वारली. चौतीस वर्षांत माहेरची एकच फेरी. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, त्या नगरच्या संस्थेशी तिचे नाव जोडले जाते. नगरचेच हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत पुष्कळ भक्तिगीते रचली. १८६५ मध्ये थकल्या शरीराने मायदेशी निघाले आणि किनारा गाठण्यापूर्वी समुद्रातच त्यांचे देहावसान झाले.

पुढच्या काळात पाच-सात वर्षांनी वर्षभराची रजा मिळू लागली. परंतु मुलांची ताटातूट चुकली नाही. सहा-सात वर्षांचे मूल झाले की त्याला कोडाईकनालला १९०१ मध्ये निघालेल्या शाळेत किंवा मसुरीजवळच्या वुडस्टॉक शाळेत पाठवायचे आणि वर्षातून काही आठवडे भेटायचे. भुसावळच्या फलाटावर लेकराला गाडीत बसवताना त्या आईच्या पोटात जे कालवले असेल, त्याला धर्माचा भेद नाही.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

सर्वच मिशनरी लोकांत मिसळले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. उंच छपराचा बंगला, भोवती कुंपण, टेबलावर डबाबंद खाद्य, हाताखाली खानसामा आणि आया, उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण, असा संसार थाटून राहणारेही पुष्कळ होते. साहेबांच्या राज्यात गोऱ्या कातडीला मिळणारा मान त्यांनीही घेतला. लोकांनी त्यांना साहेब म्हटले, सलाम केला, औषध घेतले आणि मनाने दूरच ठेवले.

दुसऱ्या बाजूने आपले दारही तेव्हा सताड उघडे नव्हते. परदेशी माणसाला ओसरीपर्यंतच वाट असे. पाणी वरून ओतायचे, जेवण पत्रावळीवर वाढायचे आणि तो गेल्यावर जागा सारवून घ्यायची, असा जुन्या घरांचा रिवाज होता. स्वतःला श्रेष्ठ मानून आलेल्या माणसाला आपल्याला कोणीतरी अस्पृश्य मानते, हा अनुभव प्रथमच येथे मिळे. काहींनी त्याचा राग धरला. काही जण मात्र चामड्याचे जोडे दाराबाहेर काढू लागले, मांडी घालून बसू लागले, उजव्या हाताने भाकरी मोडू लागले. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत ज्याच्या जिभेला रुचले, त्याला खानदेशात परका म्हणणे अवघड जाते.

धर्मांतराने घरात पडणारी फूट किती खोल असते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नाशिककडच्या त्या कर्मठ घरातील लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे गेल्या, सोवळेओवळे हळूहळू गळून पडले, आणि पुढे त्यांनीही तो धर्म घेतला. त्यांनी हे सर्व कोणावरही विष न ओकता, हसतहसत लिहिले. टिळकांनीही पुढे परदेशी चालीची उपासना पुरेशी मानली नाही. अभंग, कीर्तन, दिंडी यांच्या वाटेनेच ते आपल्या नव्या देवाकडे गेले. वारकऱ्यांचा वारसा टाकणे त्यांना जमले नाही. त्यांना तो टाकावासाही वाटला नाही.

हाच प्रकार सणांचा. आज महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या आणि शंकरपाळे होतात, दारी आकाशकंदील लागतो. बर्फात जन्मलेला सण आपल्या हवेत वाढला, तेव्हा त्याने आपल्याच चुलीवरचे पदार्थ मागितले. धर्म बाहेरून आणता येतो. रोजचे जीवन मात्र त्याच मातीतून घ्यावे लागते.

सासरची ओढ

आता अशा एका माणसाची हकिगत सांगतो, की ज्याच्या बाबतीत सासर-माहेराचा क्रमच उलटला. जस्टिन अ‍ॅबट यांचे आईवडील नगर भागात मिशनरी होते. स्वतः अ‍ॅबट १८८१ पासून सुमारे तीस वर्षे मुंबईस काम करून अमेरिकेला परतले. आता निवांतपणे आपल्या माणसांत राहायचे. परंतु त्या निवांतपणात त्यांनी हाती काय घेतले? संतकवी महिपतींची पोथी. एकनाथ, भानुदास, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम अशी एकामागून एक संतांची चरित्रे आणि वाणी त्यांनी इंग्रजीत आणली. 'महाराष्ट्राचे संतकवी' या अर्थाच्या नावाने ही माला १९२६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव ज्या समर्थवाङ्मयाच्या शोधासाठी आयुष्य वेचीत होते, त्याच समर्थांचे महिपतीकृत चरित्र अ‍ॅबटांनी १९३२ मध्ये इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. त्याच वर्षी ते वारले. पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्याने सिद्ध झालेला भक्तविजयाचा अनुवाद त्यांच्या मागे प्रकाशित झाला.

हा माणूस आपल्या धर्मावरून ढळला नाही. तो ख्रिस्ती म्हणूनच जगला आणि ख्रिस्ती म्हणूनच गेला. परंतु जे द्यायला म्हणून तो आला होता, त्याहून अधिक येथून घेऊन गेला, आणि ते घेतलेले त्याने आपल्या लोकांत वाटले. तीस वर्षे नांदलेल्या घराची ओढ म्हातारपणी माहेरच्या अंगणातही सुटली नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या हळूहळू घटत गेली. त्यांनी उभारलेल्या बहुतेक शाळा आणि दवाखाने आपल्याच देशाची माणसे चालवू लागली. त्यांच्या हेतूविषयीचा वाद चालू आहे आणि तो चालू राहील. तरीही मागे वळून पाहता एक गोष्ट आम्हांस निश्चित वाटते. या लोकांपैकी कोणाचे नाव मराठी माणसाच्या मनात राहिले? जो केवळ आला, बोलला आणि गेला, त्याचे नाही. जो नांदला, त्याचे. 'नांदणे' या आपल्या शब्दाला दुसऱ्या भाषेत नेमका पर्याय आम्हांस सुचत नाही. परक्या घरी राहायचे, त्या घराची भाषा, भाकरी आणि रीत आपली करायची, आणि तरीही आपण कोणाची लेक आहोत हे विसरायचे नाही, एवढे सगळे त्या एका शब्दात आहे.

हा विचार आज आपल्याला अधिक जवळचा आहे. जळगाव-धुळ्याच्या किती तरी घरांतील मुलेमुली आज अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात संसार करीत आहेत. तेथे घरात देव्हारा आहे, गणपती बसतो, आखाजीला डब्यातील आमरसाचे का होईना पण ताट वाढले जाते. त्यांच्याही वाट्याला परकी भाषा, परके हवामान आणि कधी परकेपणाची नजर येते. तेथील शेजाऱ्याने आपल्या लेकराला ओसरीवरच थांबवू नये, असे आपल्याला वाटते ना? मग आपल्या ओसरीवर आलेल्या परक्या निष्ठेच्या माणसाला आपण कसे वागवतो, हाही आपल्याच धर्माचा प्रश्न ठरतो. आपली श्रद्धा घट्ट धरावी, तिच्यावर कोणी घाला घातला तर ठामपणे उभे राहावे. आणि माणूस तहानेला असेल तर त्याला पाणी द्यावे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. आपल्या पूर्वजांनी त्या केल्या आहेत.

अक्षय तृतीयेला केलेले दान क्षय पावत नाही, अशी आपली श्रद्धा आहे, आणि त्या दिवसाचे मुख्य दान पाण्याचे आहे. ते पाणी पिणाऱ्याचे गोत्र विचारण्याची सोय आपल्या शास्त्रकारांनी ठेवलेली नाही.